‘हाइड’ केलेली शीट पार्टीला दिसली कशी?

प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. बाहेरगावच्या एका घाऊक खरेदीदाराला वर्डमध्ये कोटेशन पाठवलं. एक्सेलमधलं सहा ओळींचं दराचं टेबल त्यात पेस्ट केलं होतं. सुताचा भाव, मजुरी, मार्जिन आणि दुसऱ्या पार्ट्यांचे दर ज्या शीटवर होते, ती आधीच ‘हाइड’ केली होती. तरी दुसऱ्या दिवशी फोन आला, “शेजारच्याला किलोमागे अकरा रुपये कमी लावलेत की!” हे झालं कसं? लपवलेलं कॉम्प्युटर ठेवतो तरी कुठे? आणि पुढच्या वेळी पीडीएफ करून नको त्या आकड्यांवर काळी पट्टी मारली तर चालेल का?

मालक, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. काळी पट्टी चालणार नाही. पट्टी मारलेली पीडीएफ तुमच्या वर्ड फाईलपेक्षाही जास्त घात करते, कारण पाठवणारा निर्धास्त असतो.

कोर्टाजवळ माझं टायपिंग आणि डीटीपीचं दुकान आहे, १९९७ पासून. लग्नपत्रिका, टेंडरं, प्रतिज्ञापत्रं सगळं या हातांखालून गेलं. गेली दहा-बारा वर्षं वकील मंडळी ‘मॅडम, ही फाईल जरा बघा’ म्हणून येतात, तेव्हापासून फाइली बनवण्यापेक्षा उसवण्याचंच काम जास्त. तुमच्यासारखं प्रकरण वर्षाकाठी चार-पाच वेळा येतं आणि प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो, ‘पण मी हाइड केलं होतं!’

तुम्हीही ती फाईल एकदा उसवून बघा. मूळ फाईलला हात लावू नका, तिची कॉपी काढा. विंडोजच्या व्ह्यू मेनूतून फाईलचं एक्स्टेन्शन दिसेल असं करून घ्या आणि नावाच्या शेवटी जे ‘डॉक-एक्स’ आहे ते पुसून तिथे ‘झिप’ लिहा. विंडोज जरा कुरकुर करेल, ‘येस’ म्हणा. आता डबल क्लिक केलंत की आत फोल्डर दिसतील. ऑफिस २००७ पासून वर्डची फाईल म्हणजे एक गाठोडं आहे, झिप पद्धतीने बांधलेलं. तिचे पहिले दोन बाइट ८० आणि ७५ असतात, म्हणजे इंग्रजी ‘पी’ आणि ‘के’. झिप पद्धत शोधून काढणाऱ्या फिल कॅट्झची ही आद्याक्षरं. तेव्हापासूनच्या जवळजवळ प्रत्येक वर्ड आणि एक्सेल फाईलच्या कपाळावर त्या माणसाचं नाव आहे आणि कुणाला पत्ता नाही!

गाठोड्यात ‘वर्ड’ नावाचं फोल्डर आहे. त्यातल्या ‘डॉक्युमेंट’ फाईलमध्ये तुमचा मजकूर, ‘मीडिया’त चित्रं. तुमच्या बाबतीत आणखी एक फोल्डर असणार, ‘एम्बेडिंग्ज’. त्यात तुमचं अख्खं एक्सेल वर्कबुक बसलेलं दिसेल, सगळ्या शीटांसकट. साधं पेस्ट केलं असतं तर फक्त सहा ओळींचं टेबल गेलं असतं. पण टेबलाची मांडणी बिघडू नये म्हणून कुणीतरी ‘पेस्ट स्पेशल’मध्ये जाऊन ‘एक्सेल वर्कशीट ऑब्जेक्ट’ निवडलं. तसं केलं की वर्ड पूर्ण वर्कबुक पोटात घेतो आणि पानावर त्या सहा ओळींचं नुसतं चित्र दाखवतो. पार्टीने चित्रावर डबल क्लिक केलं. एक्सेल उघडलं. खालच्या शीटच्या नावावर राइट क्लिक करून ‘अनहाइड’ म्हटलं. एवढंच. कुणी हॅकर लागला नाही.

मग ‘हाइड’ केलं तेव्हा झालं काय? एक्सेलची फाईलही असंच गाठोडं. आत ‘वर्कबुक’ नावाच्या फाईलमध्ये शीटांची यादी असते आणि लपवलेल्या शीटच्या नावापुढे एक शब्द वाढतो: ‘हिडन’. शीटचे आकडे होते तिथेच, होते तसेच. एक ‘व्हेरी हिडन’ नावाचा प्रकारही आहे. तो राइट क्लिकच्या यादीत येत नाही, मॅक्रोच्या खिडकीतून बदलावा लागतो. पण तोही एक शब्दच. पांढऱ्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेले आकडे, रुंदी शून्य केलेला कॉलम, हे सगळे एकाच माळेचे मणी. फाईलमध्ये आकडा आहे आणि शेजारी ‘हा दाखवू नकोस’ अशी सूचना आहे. सूचना पाळायची की नाही, हे उघडणाऱ्याच्या हातात.

इथे पासवर्डचा गैरसमजही काढते. ‘प्रोटेक्ट शीट’चा पासवर्ड म्हणजे दाराला लावलेली नुसती कडी आहे, त्याने आकडे कुलूपबंद होत नाहीत. फाईल उघडतानाच मागितला जातो तो पासवर्ड वेगळा, तो लावला की आतला मजकूर खरोखर सांकेतिक होतो. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या नऊ जणांनी पहिला लावलेला असतो.

तुम्ही सोलापूरचे आहात म्हणून हे समजावणं मला सोपं जातं. माझे सासरे जकार्डची कार्डं पंच करायचे. चौकटीच्या कागदावर चादरीचं डिझाइन रंगवलेलं असायचं, ते एकेक ओळ वाचायचे आणि पुठ्ठ्याच्या कार्डावर भोकं पाडायचे. भोक असेल तिथे उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. आडव्या धाग्याच्या एका फेकीला एक कार्ड. अशी शेकडो कार्डं दोरीने ओवून मागावर चढवायची. त्या कार्डावर मोर नसतो, फूल नसतं. भोक आहे किंवा नाही, एवढंच. मोर उमटतो तो माग चालल्यावर, कापडावर. जॅकार्ड नावाच्या फ्रेंच माणसाने १८०४ च्या सुमाराला ही युक्ती बसवली, आणि कॉम्प्युटर आजही तिच्याच पलीकडे गेलेला नाही. एक आणि शून्य म्हणजे भोक आणि पुठ्ठा.

तर मालक, स्क्रीनवर दिसते ती चादर. फाईल म्हणजे कार्डांची माळ. चादरीवरच्या नको त्या फुलावर तुम्ही ठिगळ लावलंत, पण माळ तीच दिलीत. ज्याच्याकडे माग आहे तो पुन्हा फूल विणणार.

आता कार्डावर अक्षर कसं बसतं ते बघा, कारण मराठीत यात एक जास्तीची गोम आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला नंबर दिलेला आहे. ‘क’चा नंबर २३२५. फाईलमध्ये तो बहुतेक वेळा तीन बाइटांत लिहितात: २२४, १६४, १४९. ‘सोलापूर’ आपल्याला चार अक्षरं दिसतात, कॉम्प्युटरला ती सात चिन्हं आहेत, कारण काना, मात्रा, ऊकार वेगळे मोजले जातात. म्हणजे एकवीस बाइट. शिवाय काही चिन्हं अशी आहेत की ती दिसतच नाहीत. नंबर ८२०५ चं चिन्ह अक्षरांची जोडणी सांगतं, स्वतः जागा घेत नाही. जुन्या पद्धतीने टाइप केलेल्या ‘दऱ्या’मध्ये ते दडलेलं असतं, नव्या पद्धतीच्या ‘दऱ्या’त नसतं. डोळ्याला दोन्ही सारखेच. ‘ॲडव्होकेट’मधला ‘ॲ’ कुणी एका चिन्हाने लिहितो, कुणी ‘अ’ला वरून चंद्र जोडतो. कॉम्प्युटरला हे दोन वेगळे शब्द वाटू शकतात. तुम्ही एक शोधलात तर दुसरा हाती लागेलच असं नाही.

आणि जुने फॉन्ट! कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं ही फक्त चित्रं असतात, खाली इंग्रजी अक्षरं दडलेली. तिथे ‘भारत’ टाइप केलं की फाईलमध्ये मोठा एच, मग के, के, जे, आर अशी पाच इंग्रजी अक्षरं जातात. मराठीचा लवलेश नाही.

यातली चूक माझ्याच दुकानात झालेली आहे. एका कामात चाळीस पानी अहवालातून एका महिलेचं नाव काढायचं होतं. मुलाने नाव टाइप करून ‘फाइंड’ मारलं, शून्य सापडलं, ‘मॅडम, नाव कुठेच नाही’ म्हणाला. मीही घाईत मान डोलावली. अहवाल जुन्या फॉन्टमधला होता. नाव सतरा ठिकाणी होतं. गठ्ठा बाहेर जायच्या आदल्या संध्याकाळी कागदावर वाचताना मला दिसलं आणि पाय गार पडले. तेव्हापासून माझ्या दुकानात नियम आहे की मराठी फाईलमध्ये ‘सापडलं नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा घ्यायचा नाही, पान डोळ्यांनी वाचायचं. मराठी पीडीएफमध्ये तर युनिकोड असूनही कित्येकदा शोध लागत नाही, कारण पीडीएफ जोडाक्षरांची चित्रं ठेवते आणि त्यांचं मूळ अक्षर कोणतं याची नोंद अर्धवट राहते. कॉपी करून पेस्ट केलंत की वेलांट्या विखुरलेल्या दिसतात ना, ते त्यामुळे.

आता पीडीएफ. पानाचं वर्णन म्हणजे सूचनांची यादी असते: या जागी, या फॉन्टमध्ये, हे शब्द लिही, इथून इथपर्यंत चौकोन काढ, तो काळा भर. सूचना वरून खाली पाळल्या जातात. काळी पट्टी ही यादीत शेवटी वाढलेली एक ओळ आहे, आधीच्या ओळींतले शब्द जागच्या जागी असतात. माउसने पट्टीवरून सिलेक्ट करा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा, आकडे हजर. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत ट्रम्पच्या प्रचाराचा माजी प्रमुख पॉल मॅनफोर्ट याच्या वकिलांनी कोर्टात दाखल केलेल्या कागदपत्रात हेच झालं. काळ्या पट्ट्यांखालचा मजकूर पत्रकारांनी कॉपी-पेस्ट करून वाचला. एवढे महागडे वकील. आपल्या टायपिस्टला काय बोलणार!

पीडीएफमध्ये दुसरी मेख अशी की बदल करून सेव्ह केलं की कित्येक सॉफ्टवेअर जुनं पुसत नाहीत, नवा भाग फाईलच्या शेपटीला जोडतात. फाईलच्या शेवटी ‘फाईल संपली’ अशी खूण असते. माझ्याकडे आलेल्या काही फाइलींत ती खूण तीन-तीनदा सापडली, म्हणजे पूर्वीचे दोन अवतार जिवंत होते. पहिल्या खुणेपाशी फाईल कापली की जुनं पान पुन्हा उभं राहतं. आणि स्कॅन केलेल्या पीडीएफवर ‘ओसीआर’, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारी सोय, चालवली असेल तर चित्राखाली न दिसणाऱ्या अक्षरांचा एक थर असतो. चित्रावर काळं फासलं तरी तो थर तसाच.

खरं काढायचं तर दोनच मार्ग मला पटतात. पैसे भरून घेतलेल्या पीडीएफ संपादकात ‘रिडॅक्ट’ नावाची सोय असते, ती वापरून ‘अप्लाय’ करायचं आणि वर ‘सॅनिटाइज’ करायचं, म्हणजे दडलेली बाकी माहितीही निघते. कित्येक जण खूण करतात आणि ‘अप्लाय’ विसरतात. नाहीतर जुना, गावठी उपाय: कागदावर प्रिंट काढा, नको ते कात्रीने कापून टाका किंवा वर जाड कागद चिकटवा, मग स्कॅन करा. मार्करवर विसंबू नका, स्कॅन उजळ केला की शाईखालचं छापील अक्षर कधीकधी वर येतं. मोबाइलच्या हायलाइटर पेनाचं तर नावच नको. तो रंग अर्धपारदर्शक असतो, चार वेळा फिरवला तरी ब्राइटनेस वाढवला की अक्षर डोकावतं.

आधार कार्डाबद्दल इथेच सांगून टाकते, कारण तुमच्या कामगारांच्या फाइली तुम्ही पाठवत असणार. बारा आकड्यांतले पहिले आठ लोक झाकतात आणि शेजारचा क्यूआर कोड उघडा ठेवतात. जुन्या आधार पत्रांवरच्या क्यूआरमध्ये पूर्ण बारा आकडी नंबर साध्या मजकुरात असतो. नव्यात पूर्ण नंबर नाही, पण नाव, जन्मतारीख, पत्ता, फोटो आहे. तिथेही भोकं आणि पुठ्ठाच, फक्त काळे-पांढरे चौकोन. तेव्हा आधारच्या साइटवरून ‘मास्क्ड’ प्रत काढा, आणि पत्ता द्यायचा नसेल तर क्यूआरही झाका.

फोटोंचं थोडक्यात. मोबाइलने काढलेल्या फोटोत, सेटिंग चालू असेल तर, जागेचे अक्षांश-रेखांशही जातात. सोलापूरला काढला तर सुमारे १७ अंश ४० मिनिटं उत्तर आणि ७५ अंश ५४ मिनिटं पूर्व, आणि पुढचे सेकंद तुमच्या गेटपर्यंत नेऊन सोडतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती गळून पडते, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तशीच जाते. क्वालिटी राहावी म्हणून डिझाइनचे फोटो सगळे डॉक्युमेंट म्हणूनच पाठवतात. वर्डमध्ये चित्र क्रॉप केलं तरी कापलेला भाग आतच असतो, ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मध्ये जाऊन कापलेले भाग डिलीट करायला सांगावं लागतं. २०२३ मध्ये तर गूगलच्या पिक्सेल फोनमधला दोष बाहेर आला. स्क्रीनशॉट क्रॉप करून सेव्ह केला की नवी छोटी फाईल जुन्या मोठ्या फाईलवर लिहिली जायची, पण उरलेली शेपटी कापली जात नव्हती. त्या शेपटीतून कापलेल्या चित्राचा बराचसा भाग परत उभा करता येत होता.

मुद्दाम लपवायचंच असेल तर? तेही होतं. रंगीत चित्राच्या एका ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात. लालचा २०० असेल आणि तुम्ही २०१ केलात तर तुमच्या डाइंग मास्टरलाही फरक कळणार नाही. प्रत्येक आकड्याच्या शेवटच्या बिटात, म्हणजे शेवटच्या एक-शून्यात, आपला निरोप भरायचा. ‘क’चे तीन बाइट म्हणजे चोवीस बिट, एका ठिपक्यात तीन बसतात, म्हणून एका ‘क’ला आठ ठिपके पुरतात, अख्ख्या ‘सोलापूर’ला छप्पन्न. फक्त ते चित्र व्हॉट्सॲपने फोटो म्हणून पाठवू नका. तिथे ते पुन्हा दाबलं जातं, शेवटचे बिट बदलतात आणि निरोपाची राख होते. धंद्यात याचा काही उपयोग नाही, मला आवडतं म्हणून सांगितलं.

वकिलांच्या बाजूची एक गोष्ट मात्र धंद्याच्या कामाची आहे. वर्डच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये लेखकाचं नाव, शेवटी कुणी सेव्ह केलं, कधी बनवलं हे असतं. लोक ते बघून लगेच निकाल देतात. एकदा एका टेंडरमध्ये दोन स्पर्धकांच्या फाइलींत लेखक एकच निघाला आणि ‘संगनमत’ म्हणून ओरड झाली. प्रत्यक्षात दोघांनीही एकाच डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलं होतं, नाव त्या कॉम्प्युटरचं होतं. तारखेचंही तसंच. मदरबोर्डवरचा सेल गेला की घड्याळ वीस वर्षं मागे जाऊन बसतं. तारीख मुद्दामही बदलता येते. त्यापेक्षा न बदललेल्या, कुणाच्या ध्यानात न आलेल्या गोष्टी जास्त बोलतात. पाकिस्तानात २०१७ मध्ये नवाज शरीफ यांच्या कुटुंबाच्या चौकशीत २००६ ची तारीख असलेला एक दस्त कॅलिब्री फॉन्टमध्ये निघाला, आणि तो फॉन्ट सर्वसाधारण बाजारात आला जानेवारी २००७ च्या अखेरीस. तारीख सगळे बघतात, अक्षराचं वळण कुणी बघत नाही.

म्हणूनच भांडण कोर्टात जाईल असं वाटलं तर पाठवलेली मूळ फाईल आणि तो ईमेल जसाच्या तसा जपा, उघडून पुन्हा सेव्ह करू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली जे प्रमाणपत्र लागतं, त्यात फाईलचं हॅश मूल्यही, म्हणजे फाईलमधल्या सगळ्या बिटांवरून गणिताने काढलेला तिचा ठसा, द्यावं लागतं. एक बिट बदलला तरी ते मूल्य बदलतं.

तुमच्यापुरतं आता काय करायचं ते. कोटेशन वर्डमध्ये पाठवणं बंद करा. टेबल साधं पेस्ट करा आणि वर्डमधूनच ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ करा, म्हणजे पोटातलं वर्कबुक जात नाही. ‘इन्फो’मधलं ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ जरूर चालवा. ट्रॅक चेंजेस, कॉमेंट, लेखकाचं नाव ते काढतं. पण एम्बेड केलेली फाईल सापडली तर फक्त इशारा देतं, काढावी तुम्हालाच लागते. कॉस्टिंगचं वर्कबुक आणि पार्टीला द्यायचं दरपत्रक या दोन वेगळ्या फाइली ठेवा. एकाच वर्कबुकात दोन शीटा ठेवायची सवय सोडणं हे या सगळ्यातलं सर्वांत स्वस्त काम. गेलेली फाईल मात्र परत येत नाही. ज्या पार्ट्यांचे दर उघडे पडलेत, त्यांना दुसरीकडून कळण्याआधी तुम्हीच फोन केलेला बरा.

आणि आज त्या कॉपीचं झिप करून ‘एम्बेडिंग्ज’ उघडाल तेव्हा फाइली मोजा. एकच निघाली तर ते एकच वर्कबुक बाहेर गेलंय. दोन निघाल्या, तर बहुधा मागच्या वर्षीचं कोटेशन ‘सेव्ह ॲज’ करून त्यावरच नवं बनवलंय आणि जुनं टेबल अजून पानावर कुठेतरी चित्रामागे किंवा लेटरहेडखाली बसलंय. ते शोधा आणि त्याच्यावर डबल क्लिक करा.